प्रिचर्डबाईंचा सत्कार

बॅगेतून नारळ निघाला तेव्हा रणधीर घोलप चहा गाळत होता. त्यानं नारळाकडं बघितलं आणि उरलेला सगळा चहा कप सोडून ओट्यावर गाळला.

"हा कशाला आणलात?" त्यानं विचारलं.

"सत्काराला," आप्पा म्हणाले. "शाल आहे, श्रीफळ आहे. हाराचं तेवढं इथं बघू."

"कुणाचा सत्कार?"

"तुझ्या मॅडमचा. प्रिचर्ड मॅडम. ज्यांनी घडवलं त्यांना विसरायचं काय?"

ज्यांनी घडवलं त्या बाईंनी रणधीरला नोव्हेंबरात नापास केलं होतं. ही गोष्ट त्या स्वयंपाकघरात उभ्या असलेल्यांपैकी रणधीरला ठाऊक होती आणि मला. आप्पांना आणि काकूंना, म्हणजे त्याच्या आईवडलांना, ठाऊक नव्हती. ते दोघं पोराचा पदवीदान समारंभ बघायला बार्शीकडच्या आपल्या गावाहून थेट शेफील्डला आले होते, जानेवारीच्या थंडीत, कानटोप्या घालून.

याला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा शिक्षणशास्त्रात एम. ए. करत होते, रणधीरही तेच करत होता, आणि आम्ही एका भयंकर चढावरच्या भाड्याच्या घरात राहत होतो. आणखी दोघं होते, ते त्या आठवड्यात फिरायला गेले होते. एका घरात राहिलं की माणूस कसा आहे ते मला फार लवकर कळतं. कोण भांडी घासतो, कोण "भिजत घातलीत" म्हणतो, कोण दुसऱ्याचं दूध वापरून बाटलीत पाणी घालतो, याची नोंद माझ्या डोक्यात आपोआप होत असते. रणधीरचं खातं चांगलं होतं. आला तेव्हा त्याला गॅस पेटवता येत नव्हता. दिवाळीपर्यंत आमच्या घरातल्या सगळ्यात मऊ पोळ्या तो करायला लागला होता. नाव रणधीर, पण बसमध्ये आपला थांबा आला हे ड्रायव्हरला सांगायचं धाडस होत नाही म्हणून पुढच्या थांब्यावर उतरून मागं चालत येणारा.

त्यात त्याचा दोष थोडाच होता. आप्पासाहेब घोलपांची शिक्षणसंस्था होती. बालवाडीपासून कॉलेजपर्यंत सगळं एकाच आवारात. रणधीर त्या आवारात एका दारानं आत गेला आणि बी. एड. होऊन दुसऱ्या दारानं बाहेर पडला, कायम पहिल्या नंबरात. मग आप्पांनी ठरवलं की परदेशातली एक पदवी असावी. ती घेऊन आला की सहसचिवाच्या खुर्चीत बसवायचा. खुर्ची नवी करून आणली होती. येत्या रविवारी गावात रणधीरची मिरवणूक होती, सत्कार होता, पाहुणे ठरले होते, आणि त्यासाठी गुरुवारची तीन तिकिटं आप्पांच्या खिशात होती.

घोटाळा प्रबंधात झाला. 'ग्रामीण शाळांचे व्यवस्थापन' असा रणधीरचा विषय होता. त्यानं काय केलं, तर संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं इंग्रजी केलं. संस्थापकांचं कार्य, इमारतींची वाटचाल, शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा. चोरी म्हणता येत नव्हती, कारण स्मरणिकेतले लेखही त्यानंच लिहिले होते, आप्पांच्या नावानं. डॉ. ऑलवेन प्रिचर्ड आमच्या दोघांच्या मार्गदर्शक. साठीच्या, वेल्सच्या, सायकलवरून येणाऱ्या, दुपारी टेबलावरच कोरडं सँडविच खाणाऱ्या. त्यांना एकच प्रश्न विचारायची खोड होती: हे तुला कसं कळलं? रणधीरच्या प्रबंधाच्या पानापानावर त्यांनी पेन्सिलीनं तो प्रश्न लिहिला आणि खाली नापास लिहिलं.

एक संधी होती. एप्रिलपर्यंत नव्यानं लिहून द्यायचं. पण गुरुवारी विमानात बसून रविवारी हार घालून घेतलेला माणूस परत येऊन प्रबंध लिहीत नसतो, हे मला कळत होतं आणि त्यालाही. तो जन्मभर त्या नव्या खुर्चीत 'विदेशातून उच्चशिक्षित' म्हणून बसला असता आणि कुणी दार वाजवलं की दचकला असता.

मी त्याला डिसेंबरपासून सांगत होते की घरी सांगून टाक. तो आधी म्हणाला, त्यांना व्हिसा मिळाला की सांगतो. मग म्हणाला, ते इथं पोचले की समोरासमोर सांगतो. ते पोचले तेव्हा त्यानं बेत असा सांगितला की समारंभाला पाहुण्यांचे पास मिळाले नाहीत म्हणायचं, माझा पदवीदानाचा झगा आणि टोपी घालून हिरवळीवर आईवडलांबरोबर फोटो काढायचा, आणि मग सावकाश सांगायचं. झगा द्यायला मी तयार झाले, पण इथून जाईपर्यंत रोज माझ्या पोळ्या करायच्या या अटीवर. फुकट खोटं बोलायला मला आवडत नाही.

या बेतात नारळ कुठंच नव्हता.

आप्पांना सत्काराचा नाद होता असं म्हटलं तर कमी होईल. नाद हौशी माणसाला असतो. आप्पांचा तो धंदा होता. काकूंनी मला रात्रीच्या भाकरी थापता थापता सगळं सांगितलं. त्यांच्या घरी शालींचं एक कपाट होतं. आलेली शाल तिथं जायची आणि गरज पडली की तिथून निघायची. कुणाची शाल कुणाला गेली हे त्यांना तोंडपाठ होतं, कारण एकदा तहसीलदारांनी दिलेली शाल परत तहसीलदारांनाच गेली होती आणि त्यावरून एक रस्ता अडला होता. प्रिचर्डबाईंसाठी आणलेली शाल मात्र त्यांनी विचार करून निवडली होती. साखर कारखान्याच्या माजी उपाध्यक्षांची. "ते वारले," काकू म्हणाल्या. "आता ती कुणी ओळखायचं नाही."

"काकू, शेफील्डमध्ये तशीही कुणी ओळखली नसती," मी म्हटलं.

"माणसं कुठंही निघतात बाई," काकू म्हणाल्या.

रणधीरनं सकाळी बरेच प्रयत्न केले. मॅडम आजारी आहेत म्हणाला. मॅडमना असलं आवडत नाही म्हणाला. आप्पा म्हणाले, आवडत नाही असं सगळेच म्हणतात, मीही म्हणतो. मग रणधीरनं माझ्याकडं बघितलं. मी प्रिचर्डबाईंना ईमेल केला की रणधीरचे आईवडील आले आहेत, त्यांना पाच मिनिटं भेटायचं आहे. सत्कार हा शब्द मी लिहिला नाही. त्याला इंग्रजीत काय म्हणावं ते मला आजही सुचत नाही. बाईंनी दुपारी या असं कळवलं.

वाटेत आप्पांनी सुपरमार्केटात शिरून हाराची चौकशी केली. तिथल्या पोरीनं त्यांना कार्नेशनचा गुच्छ दिला. काकूंनी पिशवीतून सुईदोरा काढला आणि ट्राममध्ये बसून गुच्छाचा हार ओवला. समोरच्या बाकावरचे लोक मोबाइल बाजूला ठेवून बघत होते. नऊवारीवर स्वेटर, स्वेटरवर रणधीरचं जाकीट, पायात बूट, आणि हात इतके सराईत की ट्रामनं वळण घेतलं तरी फूल चुकलं नाही. रणधीर खिडकीबाहेर बघत होता. त्याच्या कपाळाला घाम होता आणि बाहेर छपरांवर दव गोठलेलं होतं.

प्रिचर्डबाईंची खोली लहान. तिन्ही भिंतींना पुस्तकं, एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकीत वाळलेली एक कुंडी. बाई उठून उभ्या राहिल्या, सगळ्यांशी हात मिळवले, काकूंना खुर्ची दिली. आप्पा बसले नाहीत. त्यांनी खोली एकदा नजरेनं मोजली, दुसरी खुर्ची उचलून टेबलासमोर मधोमध ठेवली आणि बाईंना तीत बसवलं. काकूंनी टेबलावर रुमाल अंथरून त्यावर नारळ ठेवला. बाईंनी नारळाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"संपदाताई," आप्पा मला म्हणाले, "तुम्ही सूत्रसंचालन करा. आधी प्रास्ताविक, मग सत्कार, मग सत्कारमूर्तींचं मनोगत, मग आभार. प्रास्ताविक मी करतो. आभार रणधीर मानेल."

मी म्हटलं, आप्पा, पाच माणसं आहोत.

"माणसं किती यावर कार्यक्रम नसतो," आप्पा म्हणाले.

आप्पांना बरंचसं इंग्रजी समजत होतं, पण सत्कार मायबोलीतच झाला पाहिजे असा त्यांचा नेम होता. म्हणून दुभाषाचं काम माझ्याकडं. रणधीरला सांगून उपयोग नव्हता. तो दाराला पाठ लावून असा उभा होता की आता दारच त्याला धरून आहे.

आप्पा सुरू झाले. संस्थेची स्थापना एका चिंचेखाली झाली तिथून. आप्पा दहा वाक्यं बोलले की मी एक बोलायची. बाई मान हलवायच्या. चौथ्यांदा असं झाल्यावर आप्पा थांबले.

"एवढंच?"

"इंग्रजी आटोपशीर असतं, आप्पा."

ते त्यांना पटलं नाही, पण कार्यक्रम मोडायचा नव्हता. ते निकालावर आले. आमच्या संस्थेचा दहावीचा निकाल सलग शंभर टक्के, असं त्यांनी बोट वर करून सांगितलं. हे वाक्य मी पुरतं सांगितलं, कारण त्यात गाळण्यासारखं काही नव्हतं. बाईंनी सवयीनं विचारलं, हे त्यांना कसं कळलं?

"काय म्हणतात?"

"कशावरून, असं विचारतायत."

आप्पांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग काकूंकडं. उभ्या आयुष्यात त्यांना हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. "कशावरून म्हणजे? बोर्डाचा निकाल आहे."

बाईंनी पुढं विचारलं की परीक्षेच्या वेळी वर्गात कोण उभं असतं. आप्पा म्हणाले, आपलेच शिक्षक. मी सांगितलं. बाईंनी डॉक्टर पोट दाबून बघताना करतात तसं "हं" केलं. आप्पांना वाटलं दाद मिळाली. त्यांनी प्रास्ताविक तिथंच आवरलं आणि पिशवीतून शाल काढली.

आता जे झालं ते बाईंना शेवटपर्यंत नीट कळलं नसावं. शाल उलगडून आप्पा पुढं आले तेव्हा बाई खुर्चीतून उठल्या आणि दोन्ही हात पुढं करून म्हणाल्या की माफ करा, मला हे घेता येणार नाही. मी तसंच सांगितलं. आप्पांचा चेहरा उजळला.

"बघा," ते आम्हाला दोघांना म्हणाले. "याला म्हणतात मोठेपणा. आमच्याकडं नाव पुकारायच्या आत मान पुढं करतात."

ते आणखी एक पाऊल पुढं झाले. बाई एक पाऊल मागं सरल्या. आप्पांच्या हिशेबानं ही रीतच होती. पहिल्या नकाराला आग्रह करायचा, दुसऱ्या नकाराला मोठा आग्रह करायचा, तिसऱ्याला शाल अंगावर पडलीच पाहिजे, नाहीतर आपण मनापासून दिली नाही असा अर्थ होतो. बाईंच्या हिशेबात एकच नकार होता आणि तो देऊन झाला होता. आप्पा शाल पसरून चालत होते, बाई पुस्तकांच्या कपाटाकडं सरकत होत्या, आणि काकूंनी कुंकवाचा करंडा उघडून मला हळूच विचारलं, "मिस्टर आहेत का यांचे?"

ते मी विचारलं नाही.

कपाटाला पाठ लागल्यावर बाई थांबल्या. त्या मला म्हणाल्या की त्यांना सांग, मी संकोचानं नाही म्हणत नाहीये. मी सांगितलं.

"असं म्हणणारेच खरे संकोची," आप्पा म्हणाले. "अहो, ही उबदार आहे, थंडीत वापरा म्हणावं."

बाईंनी शालीच्या काठाला हात लावला. शाल चांगली आहे, त्या म्हणाल्या. मग त्या रणधीरकडं वळल्या. आवाज चढवला नाही, उलट उतरवला. त्या म्हणाल्या, मी ही का घेऊ शकत नाही ते मला ठाऊक आहे आणि तुलाही. पण ते मी तुझ्या वडलांना सांगू शकत नाही. ते तुझं आहे. तुझ्या परवानगीशिवाय मला तोंड उघडता येत नाही.

आप्पांना इंग्रजी समजत होतं हे मी मघाशी सांगितलं. त्यांनी शाल खाली केली.

"काय सांगता येत नाही?" त्यांनी मला विचारलं. "मी बाप आहे त्याचा."

मी तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, हो, बाप असलात तरी.

"असा कुठला कायदा असतो?"

इथला असतो, मी म्हटलं. आप्पा रणधीरकडं बघत राहिले. काकूंनी करंडा मिटला. मला वाटलं आता रणधीर माझ्याकडं बघेल. ठरलेलंच होतं तसं, अडचण आली की तो माझ्याकडं बघायचा. मी तयारीही करून ठेवली होती, विद्यापीठाचा लाचलुचपतीविरुद्ध फार कडक नियम आहे, कुणाकडूनच काही घेत नाहीत, असं काहीतरी. चाललं असतं ते. आप्पा मनातल्या मनात बाईंना आणखी एक नमस्कार करून शाल बॅगेत घालून निघाले असते, हिरवळीवर फोटो झाला असता, आणि गुरुवारी तिघं विमानात बसले असते.

रणधीरनं माझ्याकडं बघितलं नाही.

"आप्पा, शाल ठेवा," तो म्हणाला. "मी नापास झालोय."

आप्पांनी शाल टाकली नाही. त्यांनी ती घडीवर घडी घालून नीट दुमडली, जुन्या मोडीवरच, काठाला काठ लावून. मग ते माझ्या जवळ आले आणि खालच्या आवाजात, नेहमीच्या कामाचं बोलावं तसं, विचारलं, "यांच्या वर कोण आहे?"

"आप्पा—"

"विचारा तर."

मी विचारलं. बाई म्हणाल्या, या बाबतीत कुणी नाही. प्रबंध दुसऱ्या विद्यापीठातल्या एका परीक्षकांनीही वाचला आहे आणि त्यांचंही मत तेच आहे.

"ते कुठल्या गावचे?"

"आप्पा, नको," रणधीर म्हणाला. तो दारापासून सुटून पुढं आला होता. "ऐका माझं. बालवाडीपासून मला एकानंही नापास केलं नाही. करणार कोण? सगळ्यांचे पगार तुमच्या सहीनं निघायचे. सातवीत गणिताचा अर्धा पेपर मी कोरा दिला होता. त्यातही पहिला आलो."

"तुला बरं नव्हतं तेव्हा," काकू म्हणाल्या.

"बरं होतं गं. येत नव्हतं मला." तो आप्पांकडं वळला. "माझ्या पेपरवरचं नाव सगळ्यांनी वाचलं. आतलं यांनी पहिल्यांदा वाचलं. पान न् पान. वाईट आहे म्हणून सांगितलं, आणि कुठं वाईट आहे तेही सांगितलं. मला परत लिहायचंय. एप्रिलपर्यंत. मी गुरुवारी येत नाही."

हे सगळं एका दमात, आणि ओरडून नाही. बाईंनी मला विचारलं, काय म्हणाला? त्या दिवशी पहिल्यांदा मी एक शब्द न गाळता भाषांतर केलं. सातवीच्या गणितासकट. बाईंनी ऐकून घेतलं आणि त्या पहिल्यांदा हसल्या. अर्धा कोरा पेपर त्यांना आवडलेला दिसला. त्या रणधीरला म्हणाल्या की हे तू प्रबंधात का लिहिलं नाहीस?

आप्पा बाईंच्या खुर्चीत बसले. सत्कारमूर्तींसाठी मधोमध मांडलेल्या. शाल मांडीवर. मायबोलीचा नेम सोडून त्यांनी स्वतःच्या इंग्रजीत विचारलं, "मॅडम, माय सन... ही विल पास?"

प्रिचर्डबाईंनी विचार केला. खरोखर केला, मला दिसला. "आय डोन्ट नो," त्या म्हणाल्या.

आप्पांच्या पोराबद्दल हे उत्तर त्यांना आजवर कुणी दिलं नव्हतं. हे भाषांतर करायची गरज पडली नाही. आणि बाई खोटं बोलत नव्हत्या. रणधीर पुढं पास झाला तो अगदी काठावर, आणि त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं तर मी त्याच्या बाजूनं पैज लावली नसती.

मनोगत, आभार राहून गेले. काकूंनी नारळ रुमालात बांधला. निघताना बाईंनी हाराकडं बोट दाखवलं आणि विचारलं की हा कुणी केला. ट्राममध्ये केला हे ऐकल्यावर त्यांनी तो हातात घेऊन ओवणी बघितली, काकूंना काहीतरी विचारलं, काकूंनी सुई काढून दाखवली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. मग बाईंनी हार काकूंना दोन्ही हातांनी परत केला. नियम म्हणजे नियम.

बाहेर आल्यावर आप्पा इमारतीसमोरच्या बाकावर बसले. ऊन होतं, पण नुसतं दिसायला. रणधीर त्यांच्यापासून चार हातांवर उभा. मी आणि काकू मध्ये. मला वाटलं, आता ते बोलतील. शिव्या देतील, किंवा रडतील. पुढाऱ्यांना दोन्ही चांगलं जमतं. त्यांनी फोन काढला आणि गावाकडं लावला, बबनरावांना. बबनराव हे संस्थेचे मोठे क्लार्क, मिरवणुकीपासून जेवणावळीपर्यंत सगळं त्यांच्याकडं. आप्पा फोन कायम स्पीकरवर ठेवून तोंडासमोर धरायचे, त्यामुळं आम्हाला सगळं ऐकू येत होतं, आणि वाटेनं जाणाऱ्या पोरांनाही.

बबनरावांनी आधी तिकडच्या तयारीचं सांगितलं. मांडव पडला होता. बँडवाला पक्का झाला होता. पाहुण्यांनी वेळ दिली होती.

"रविवारचं रद्द करा," आप्पा म्हणाले.

मग बबनरावांनी घाबरून विचारलं की कुणाचं काही बरंवाईट झालं का. नाही, आप्पा म्हणाले. विमान चुकलं का? नाही.

"मग लोकांना काय सांगू?"

"पोरगं नापास झालं म्हणून सांगा."

बबनराव हसले. आप्पा गंमत करतायत असं त्यांना वाटलं असणार. आप्पा हसले नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांनी आवाज खाली आणला आणि जे सुचवलं ते त्यांच्या नोकरीला धरूनच होतं. आप्पा, तिथलं तिथं. इथं कोण बघायला येतंय? कार्यक्रम होऊ द्या. कागदाचं मागनं बघू, कागदाचं आपण आजवर बघत आलोच की.

रणधीरनं मान खाली घातली. मी आप्पांकडं बघत होते. माणूस कसा आहे ते मला लवकर कळतं असं मी वर लिहिलंय. आप्पा आता काय म्हणतील ते मला त्या बाकाजवळ उभं राहून अजिबात सांगता आलं नसतं.

त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"बबनराव, मांडव काढा."

"बरं," बबनराव म्हणाले. मग त्यांना शेवटची एक शंका आली, आणि ती त्यांनी जरा आशेनं विचारली. "पण आप्पा, नापास नेमकं कोण झालं म्हणायचं? आपल्यातलंच, का दुसरं कुणी?"

आप्पा बाकावर ताठ बसले. जूनमध्ये शाळेच्या पटांगणात उभं राहून निकाल वाचतात त्या आवाजात, आडनाव आधी घेऊन, त्यांनी सांगितलं:

"घोलप रणधीर आप्पासाहेब. नापास."